भोंग्याची बॅटरी

सत्यभामाचा नवरा कर्नाटकात उसाच्या फडात अवकाळीची वीज पडून गेला. त्यानंतर ती तलवाड्याजवळच्या आमच्या गावी परतली आणि दूध सोसायटीत कॅन धुवायला लागली. पुढं सोसायटीच्या छपरावर विजेचा इशारा देणारा भोंगा बसला. वीज जवळ आली की यंत्राला कळायचं आणि भोंगा आपोआप बोंबलायचा. त्याची देखभाल करायला कुणी तयार होईना, म्हणून ती सत्यभामाकडं आली. दर बाजाराच्या दिवशी ती बटण दाबून बघायची. पहिल्या पावसाळ्यात भोंगा वाजला की बाया खुरपी टाकून घराकडं पळत यायच्या.

मग दुष्काळ पडला, आणि लागोपाठ दुसरा. दूध आटलं. सोसायटीची लाईट तोडली, भोंगा नुसत्या बॅटरीवर राहिला. चेअरमन सुंदररावांनी माळावर चारा छावणी उघडली आणि उद्घाटनाच्या भाषणाला लाऊडस्पीकर हवा म्हणून तीही बॅटरी काढून नेली.

सत्यभामा छावणीवर गेली. बॅटरी टेबलाखालीच होती, तिच्यावर गाणी चालली होती.

"आण्णा, बॅटरी द्या. भोंगा मुका पडलाय."

"आगं, आभाळात ढग तरी हाय का? कावून जीव खाती?"

"वीज काय सांगून येती का?"

"नवऱ्याचं लई डोक्यात घेतलंस तू," सुंदरराव म्हणाले. भोवतालची माणसं हसली. ती पुन्हा गेली, तेव्हा तिला फाटकातूनच परत लावलं.

उन्हाळा सरत आला असताना एका दुपारी ती सोसायटीच्या ओट्यावर बसली होती. बालाघाटाच्या अंगानं गडगडलं. तिनं छपराकडं पाहिलं. भोंगा गप्पच. तिनं रिकामा कॅन उचलला, एक सळई घेतली आणि बडवत माळाकडं पळत सुटली.

"वीज येतीय! झाडाखालून उठा! शाळेत चला!"

काहींना वाटलं बाई बिघडली. पण तिचा चेहरा बघून माणसं उठली, लेकरं काखेत मारून शाळेकडं धावली. छावणीत जनावरं घेऊन राहिलेली सरस्वतीबाईही निघाली होती. पण तिची एक गाय झाडाला बांधलेली राहिली, ती सोडायला ती माघारी फिरली. लिंबाखाली दावं सोडताना वीज पडली. बाई आणि गाय, दोघी जागीच गेल्या. पाऊस म्हणावा तर धूळही बसली नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब छावणीवर पंचनाम्याला आले.

"इशारा दिला व्हता साहेब," सुंदरराव म्हणाले. "समद्यांनी ऐकला. बाईच माघारी फिरली."

साहेबांनी सरस्वतीबाईच्या नवऱ्याला, शहादेवला विचारलं, "आवाज ऐकला होता का?"

शहादेवनं मान हलवली. "व्हय."

"आवो, त्यो म्या केला!" सत्यभामा ओरडली. "कॅन बडवला म्या! भोंग्याची बॅटरी त्या टेबलाखाली हाय, बघा!"

साहेबांनी वाकून पाहिलं. टेबलाखाली काही नव्हतं.

"बाई, इशारा पोचला ना लोकांपर्यंत? मग कशानं का होईना."

बॅटरी त्याच पहाटे छपरावर गेली होती. तारा जोडायच्या मात्र कुणी जोडल्या नाहीत. आठवड्याभरात सोसायटीनं सत्यभामाला कामावरून काढलं.

ती शहादेवच्या दारात गेली. तो उंबऱ्यावर बसला होता.

"भोंगा न्हाई वाजला, हे तुला ठावं व्हतं. सांगितलं कावून न्हाईस?"

"माजी आणखी दोन जनावरं छावणीत हायेत," तो खाली बघून म्हणाला. "आन् आवाज तर म्या ऐकलाच व्हता."

सत्यभामा माघारी वळली. आपण कॅन बडवत पळालो नसतो तर सुंदररावांना बॅटरीचा जाब द्यावा लागला असता, हे तिला उमगलं. पण मग लिंबाखाली सगळा गाव असता. दसऱ्यानंतर ती एका टोळीबरोबर उसाला निघून गेली. निरोप घ्यायला ती कुणाच्या घरी गेली नाही.