काकांच्या बंदुकीला माझा ट्रायपॉड

माझे वडील कामगार संघटनेत होते. न्यूजप्रिंटच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. कुठंही अन्याय दिसला की आधी पत्रक काढायचं, मग जेवायचं, ही आमच्या घरची रीत. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आले तेव्हा मी आणि एका मैत्रिणीने मिळून एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. तळघरातल्या फ्रीजरमध्ये अख्खं हरीण तुकडे करून, पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवलेलं दिसलं आणि मी रीतीला जागले. फ्रीजरच्या झाकणावर हाताने लिहिलेलं पत्रक चिकटवलं: 'या पेटीत एक खून आहे.' खाली दीड पान कारणं.

घरमालक सत्तरीचे होते, एकटेच राहत. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. माझी मैत्रीण नागपूरची. तिने पहिल्याच आठवड्यात त्यांना 'काका' करून टाकलं होतं, आणि त्यांनाही ते आवडलं होतं.

"यार, तू आपल्याला रस्त्यावर आणशील," ती म्हणाली. "थंडीच्या तोंडावर रूम शोधायची का आता?"

काकांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. उभी हयात युनियनमध्ये गेलेली, त्यामुळे वाचण्यात एक जाणकारपणा होता. "आवेश चांगला आहे," ते म्हणाले. "पण पोरी, मागणी कुठंय? मागणी नसलेलं पत्रक म्हणजे नुसती शिवीगाळ."

माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं असतं, म्हणून जास्त लागलं.

त्या नोव्हेंबरात काका शिकारीहून रिकाम्या हाताने परतले. कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिले. त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरू लागला होता. कपातला चहा बशीत सांडायचा. त्या हाताने झाडलेली गोळी हरणाच्या पोटात लागली होती. ते पळालं. काका रक्ताचे थेंब बघत दलदलीपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. सापडलं नाही. "ते किती वेळ जिवंत होतं कोण जाणे," एवढंच म्हणाले. मी त्यांना चहा करून दिला. पत्रक काढायची इच्छा झाली नाही.

पुढच्या वर्षी पानं लाल झाली तेव्हा त्यांनी बंदूक पुसायला काढली. मी समोर जाऊन उभी राहिले. "मागणी सापडली," म्हटलं. "जखमी जनावर मागे सोडायचं नाही. नेम खात्रीचा नसेल, तर जायचंच नाही."

"मान्य," काका म्हणाले. "नाही जमलं तर बंदूक विकून टाकतो." मग त्यांची नजर जिन्यात उभ्या असलेल्या माझ्या ट्रायपॉडवर गेली. "तो वजन पेलतो का?"

तो कॅमेऱ्याचा ट्रायपॉड म्हणजे ॲल्युमिनियमच्या तीन काड्या. पाठीवरच्या पिशवीत मावेल, बसमध्ये नेता येईल, म्हणून घेतलेला. इराक युद्धाविरुद्धच्या प्रत्येक सभेला तो माझ्यासोबत उभा राहिला होता. त्याच्यावर बंदूक? मी सरळ नाही म्हणाले.

"व्वा," मैत्रीण म्हणाली. "मालकाने मागणी मान्य केली आणि युनियनच संपावर गेली!"

तिच्यावर मी दिवसभर चिडून होते. पण हात थरथरतो तो थरथरतोच. माझ्या नकाराने तो थांबणार नव्हता. मागणी त्यांनी मान्य केली होती; आता नेम खात्रीचा करायला मदत करायची पाळी माझी होती. संध्याकाळी मी ट्रायपॉड काकांच्या दारात नेऊन ठेवला. "पण आधी चाचणी माझ्यासमोर," असं बजावलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही उत्तरेकडे त्यांच्या बहिणीच्या शेतावर गेलो. गवताच्या गठ्ठ्याला नेमासाठी कागदी ताटली टाचली. मी फोटो काढणारी. घट्ट बांधलेली वस्तू हलत नाही, हे माझं ज्ञान. काका "हं" म्हणाले आणि मला करू दिलं. बंदूक मी ट्रायपॉडच्या डोक्याला सुती नाडीने करकचून आवळली. काकांनी चाप ओढला. बंदुकीने मागे धक्का दिला, बांधलेला ट्रायपॉडही तिच्याबरोबर उडाला आणि डोक्याचा प्लास्टिकचा दांडा तुटून गवतात पडला. बंदूक काकांनी घट्ट धरली होती म्हणून बरं. ताटली कोरी.

"ही कॅमेऱ्यासारखी जागेवर राहत नाही," ते हसत म्हणाले. "तिला मागे यायला मोकळीक लागते."

मग नाडी सोडली. ट्रायपॉडच्या डोक्यावर टॉवेलची गुंडाळी ठेवली, बंदूक तिच्यावर नुसती टेकवली. पाय आखूड करून पसरले आणि मधल्या हुकाला गाडीतली तांदळाची पिशवी लटकवली. वाऱ्यात फोटो काढताना मी तसंच करते. काका स्टुलावर बसले. लांबून गोळ्या ताटलीच्या कडेला लागत होत्या. गठ्ठा निम्म्या अंतरावर आणला, तेव्हा सगळ्या मधोमध लागल्या.

"म्हणजे इतक्या जवळ आलं तरच," मी म्हणाले.

"तरच," काका म्हणाले. "नाहीतर नुसतं बघायचं."

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी मी त्याच शेताच्या कडेला पिकअपमध्ये बसून होते. अंगात काकांचं शिकारीचं नारिंगी जाकीट, गुडघ्यापर्यंत आलेलं. काका ट्रायपॉड आणि तांदूळ घेऊन झाडांत गेले होते. मला एकच भीती होती: दुसरी गोळी. एक गोळी म्हणजे संपलं. दुसरी म्हणजे पहिली चुकली, आणि कुठंतरी एक जीव पोट फाटून पळतोय, माझ्या ट्रायपॉडच्या मदतीने.

गोळीचा आवाज झाला.

मी काच खाली केली. झाडांतून कावळे उडाले. कितीतरी वेळ कान देऊन बसले. दुसरा आवाज आला नाही. तरी खात्री पटेना. दुसरी गोळी झाडायची संधीही न देता ते जखमी होऊन पळालं असेल तर?

काका झाडांच्या कडेला आले आणि त्यांनी हात वर करून मला बोलावलं. मी धावत गेले.

हरीण उभं होतं तिथंच पडलं होतं. मी आधी जमीन पाहिली. सभोवार फिरून पाहिली. दवाने ओली पानं जशीच्या तशी होती. ना फरफट, ना पुढे गेलेला एकही थेंब. खांद्यामागे बोटाएवढं भोक. मी पानांतच बसले. मेलेल्या जनावराशेजारी बसून मला इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच लाज वाटावी. वाटली नाही.

काकाही शेजारी बसले. त्यांचा हात मांडीवर थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"मला काही कळलं नसेल," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले, डोळे पुसले. "काय बोलतोय मी. त्याला काही कळलं नसेल."

"नसेल," मी म्हणाले.

शिकार मला आजही मान्य नाही, आणि हे मी त्यांना तिथंच सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणत ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पिकअपपर्यंतची वाट चढाची होती आणि त्यांना एकट्याला हरीण ओढणं शक्य नव्हतं.

"पुढचे पाय धरशील?"

मी धरले. अजून गरम होते.