साडूची नवी लॉरी

आमच्या कापसाच्या जिनिंग मिलच्या शेटनं नवी कोरी लॉरी आणली अन् ती माह्या साडूच्या हाती देली. त्या दिवसापासून माह्या पोटात जे दुखू लागलं ते कोण्या काढ्यानं थांबलं नाई. अहो, नुसता साडू असता तं सोसलं असतं. त्याले चाक धरायले शिकवलं कोणं? म्यां! माह्या बायकोची धाकटी बहीण त्याले देली तवा हा बैलगाडी हाकत होता. म्यां बाजूले बसवून त्याले डायवर केलं, अन् मलेच ते जुनं खटारं, चढावर दमेकऱ्यावानी खोकणारं.

शेटले विचारलं, "मले काऊन नाई?" तं म्हणे, "तुह्यं डोकं गरम हाये. तो गाडी जपून चालवते." जपून! माह्या अंगाचा तिळपापड झाला.

सासुरवाडीले तं बोलूच नका. जेवायले बसताना मामाजी, म्हणजे माहे सासरे, पहिला पाट त्याले मांडत. पाव्हण्यायले सांगत, "हे आमचे नव्या लॉरीवाले जावई." मंग माह्याकडं पाहून, "अन् हे थोरले." बस्स, एवढंच! थोरला मी, मान त्याचा. घास तोंडात फिरे.

आमचं काम म्हणजे दुसरबीडकडचा कापूस पोत्यांत भरून मलकापूरच्या जिनिंगले नेणं. मधात राजूरघाट. कापसाची लॉरी दिसायले घराएवढी उंच, पण वजनाले हलकी. होळीच्या आसपास वारं सुटलं की तिले ढकलून देते. घाटात एका जागी डोंगर तुटलेला हाये, आम्ही त्याले खिंड म्हणो. तिथं दरीकडून वारा आडवा धडकते. डायवर चाक दरीकडं दाबून धरते, नाईतं लॉरी डोंगरावर जाऊन आदळन. पण खिंड सरली की वारा एकदम तुटते, अन् दाबलेलं चाक लॉरीले सरळ दरीत घेऊन जाते. म्हणून तिथं पहिल्या गेरात, हात ढिला ठेवून, वारा तुटायच्या आधीच चाक सोडत यावं लागते. हे सांगून येत नाई, हाताले कळावं लागते.

घाटाच्या वरच्या तोंडाशी पिराचं ठाणं होतं अन् त्यावर हिरवं निशाण. हिंदू असो का मुसलमान, सारे डायवर त्या निशाणाचं ऐकत. लोंबत असलं तं खुशाल जा. फडफडत असलं तं वरच्या थराची पोती उतरवून, ताडपत्री आवळून जा. अन् फळीवानी आडवं ताठ झालं तं कोणीच जायचं नाई, शेट असो का लाटसाहेब!

त्या दिवशी निशाण सकाळपासून ताठ होतं. आम्ही दोघंही वर थांबलो. दुपार कलल्यावर ते फडफडू लागलं, तशी आम्ही वरची पोती उतरवली, ताडपत्र्या आवळल्या. मी गाडी चालू करायले हँडल मारणार, तेवढ्यात साडू जवळ आला. तोंड पांढरंफटक.

"भाऊ, माह्यानं होत नाई. मागच्या खेपेले खिंडीत लॉरी दरीकडं गेली अन् म्यां डोयेच मिटले. वाचलो कसा, देवाले माहीत. माही लॉरी तुम्ही उतरवता का?"

खोटं काऊन सांगू, मले आतून गुदगुल्या झाल्या. तोंडानं म्हणलं, "हट बे, एवढं काय त्यात!" अन् माहं खटारं तिथंच सोडून नव्या लॉरीच्या चाकावर जाऊन बसलो. काय सांगू बाप्पा, लोण्यावानी चाक फिरे! खिंडीत वारा धडकला, लॉरी कलली, साडू "या पीरबाबा" म्हणून ओरडला. म्यां हात ढिला केला, वारा तुटला, अन् लॉरी रस्त्यावर सरळच्या सरळ. जळफळाट आणखीनच वाढला. असली गाडी याच्या हाती!

घाटाखाली शेट उभा. नव्या लॉरीची काळजी ना त्याले! आता सांगतोच, तुमचा जपून चालवणारा डोये मिटून चालवते म्हणून. वाक्य जिभेवर आलं होतं. पण म्यां खाली उतरेपर्यंत साडूनं हात जोडले.

"शेटजी, मले घाटाचं भेव वाटते. आज लॉरी भाऊनं आणली. नवी भाऊलेच द्या, मी जुनी चालवतो."

शेट माह्याकडं पाहून म्हणे, "बरं, मंग तूच चालव." अन् पाठ कोणाची थोपटली? साडूची! "असा इमानदार माणूस पाह्यला नाई."

घरी आलो तं बातमी माह्या आधीच पोचलेली, अन् बायको डोये पुसून राह्यली होती. "अजी, भाऊजीचं मन केवढं मोठं! हातची लॉरी देऊन टाकली तुमाले."

"देली काय? म्यां घाट उतरवला!" मी ओरडलो. पण ऐकते कोण?

पाडव्याले मुद्दाम ती लॉरी घेऊन सासुरवाडीले गेलो. दारात उभी केली, भोंगा वाजवला. मामाजी बाहेर आले, लॉरीले हात लावून म्हणाले, "ही आमच्या धाकट्या जावयानं देली तीच का?"

अन् जेवायले पहिला पाट त्यालेच मांडला.