आईच्या कोपराएवढ्या उंचीवर

काल लखनौच्या घरी वायरिंग बदलायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने स्वयंपाकघरातला जुना लाकडी बोर्ड उतरवला. "दीदी, ये इतना नीचे किसने लगवाया था?"

भिंतीतून कोरड्या सिमेंटचा वास आला आणि मला ऐंशीच्या दशकातलं आमचं नवंकोरं, दारंही न बसलेलं घर आठवलं. बाबा शास्त्रज्ञ. प्रत्येक बटणाची जागा त्यांनी आलेखाच्या कागदावर आखलेली, सगळे बोर्ड पाच फुटांवर. मिस्त्री भिंतीला भोक पाडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, कणकेचे हात असले की मी दिवा कोपराने लावते. इतक्या वर कोपर पोचेल का?"

"नकाशात तसं नाही," बाबा म्हणाले.

मिस्त्रींना मराठी येत नव्हतं, पण आईचं उचललेलं कोपर त्यांना दिसलं. "भाभीजी, ऐसे ही खड़ी रहिए," म्हणत त्यांनी कोपराशी पेन्सिलीने रेघ ओढली. बाबांनी नकाशातले पाच फूट खोडून तिथे लिहिलं, 'हिचं कोपर'. बाबा हरले म्हणून मी तेव्हा हसले होते.

ती रेघ बोर्डामागे अजून होती. आई नाही.

"ऊपर कर दूँ?"

मी रेघेला माझं कोपर लावून पाहिलं. बरोबर तिथेच टेकलं.

"नहीं भैया, यहीं लगाइए."