काळ्या जीपवरच्या ज्वाळा

माझ्या नवऱ्याचं बारामतीजवळ जळोचीत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे, घराला लागूनच. ठोकलेली गाडी सरळ करायची, पोच्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा, एवढंच काम मी इतकी वर्षं पाहिलं होतं. मग मोबाइलवर बघून बघून तो एअरब्रश शिकला. पेनाएवढी गन, तिच्यातून केसासारखी बारीक रेघ निघते. पहिलं मोठं काम निरवांगीहून आलं. काळी जीप, बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत ज्वाळा काढायच्या.

जीप आली आणि माझा नवरा घरात असून नसल्यासारखा झाला. जेवताना ताटात बोटानं रेघा ओढायचा. मी काही सांगितलं तर "हं" म्हणायचा.

एका दुपारी डबा घेऊन शेडात गेले. तो बॉनेटवर ओणवा होता. टेपनं ज्वाळेचा आकार बांधून घेतलेला. बुडाला तांबडा, त्यावर नारिंगी, टोकाला पिवळा, असा रंग श्वास धरून उडवत होता. मी डबा ठेवल्याचंही त्याला कळलं नाही. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "थांब गं, झालंच. तुझ्यासारखी दुसरी न्हाय बघ."

मला वाटलं, मलाच म्हणतोय. "कुणासारखी?" मी विचारलं.

तो दचकला. "तू कधी आलीस?"

डबा तिथंच टाकून मी घरी आले. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. पत्र्याशी काय भांडू? संध्याकाळी तरी बोललेच, "माझ्याकडं असं टक लावून कधी बघितलंत?"

"तुलाबी रंगवायचीय का?" तो हसला. मला हसू आलं नाही.

मालक कुणीतरी पैसेवाला पोरगा असणार, असं मी धरून चालले होते. जीप न्यायच्या दिवशी इंदापूरच्या एसटीनं माझ्याच वयाची एक बाई आली. उन्हानं रापलेली, पायात चपला, खांद्याला पिशवी. शेडनेटमधली ढोबळी मिरची स्वतः मार्केटला घालते म्हणाली. जीप तिचीच. ती गाडीभोवती सावकाश फिरली, वाकली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, दारावरची ही जीभ जरा आखूड वाटती." तो लगेच तिच्याशेजारी उकिडवा बसला. दोघं डोकी जुळवून बोलत राहिली. त्यानं तिथल्या तिथं सुधारून दिलं. मी एखादा रंग जरा भडक झाला म्हटलं तरी ऐकून न घेणारा माणूस! आता माझ्या पोटात दोन्हीकडून दुखायला लागलं. गाडीमुळं आणि हिच्यामुळंही.

दुसऱ्या दिवशी, रंग वाळल्यावर, ती परत आली. किल्ली हातात घेऊन मला म्हणाली, "ताई, बसा की. काटेवाडीपतूर जाऊन येऊ."

नाही म्हणायचं ठरवलं होतं. तरी बसले.

ती एका हातानं गाडी चालवत होती. चहाच्या टपरीवरची माणसं माना वळवून बघत होती. तिला त्याचं काही नव्हतं. मी विचारलं, "घरच्यांना ह्या ज्वाळा आवडतील का?"

"सासरे म्हणाले, असल्या गाडीत मी बसायचो न्हाय. म्हणलं आबा, एसटी हायच की." ती मोकळं हसली. "मला ही नक्षी आवडली, म्हणून काढून घेतली."

एवढं साधं वाक्य. मी आजवर कशाबद्दलच असं म्हटलं नव्हतं. त्या क्षणी ज्वाळांचा राग कुठल्या कुठं गेला आणि सगळा हेवा तिच्या स्टिअरिंगवरच्या हातावर येऊन बसला.

परत आलो तर नवरा रस्त्यावरच उभा. मी उतरायच्या आत त्यानं विचारलं, "खडे उडून कुठं रंगाचा टवका न्हाय ना गेला?"

"न्हाय," मी म्हटलं. "आन मला गाडी शिकायचीय."

"कशाला?"

"मला आवडली म्हणून."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "क्लासला जा. माझ्याकडं नको शिकू, लोकांच्या गाड्या हायेत."

बारामतीत क्लास लावला, लायसन काढलं. आता तयार झालेल्या गाड्या गिऱ्हाइकाच्या दारात मीच पोचवते. निरवांगीची ती बाई अधूनमधून रस्त्यात दिसते, हात करते. मीही करते. पण तिची गाडी तिची आहे आणि मी चालवते ती दुसऱ्याची, हे दर वेळी टोचतंच.