डा म्हणजे डावा

रविवारी कामरगावच्या माळावर मातीतली शर्यत होती आणि शनिवारी दुपारपर्यंत आमच्या गाडीला मागचे ब्रेक नव्हते. गाडी धाकटा भाऊ चालवतो, पाने मी धरतो. गेल्या वर्षी वळणावर मागचा एक्सल तुटला, चाक एकटंच पुढे निघून गेलं आणि गाडी दोनदा उलटली. भाऊ काचेतून बाहेर आला तो हसत. मी मात्र बांधावर बसून ओकलो.

दोष माझाच होता. जुन्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायची हौस माझी, आणि मागे ठेवला तोच किडकिडीत एक्सल, तेच ड्रमचे ब्रेक. नाकापेक्षा मोती जड.

म्हणून यंदा जाड एक्सल घातले आणि ड्रम काढून डिस्क लावायचं ठरवलं. ब्रेकची चकती ज्या चिमट्यात दाबली जाते ते दोन कॅलिपर आणले. डाव्या-उजव्याचा घोळ नको म्हणून एकावर पांढऱ्या रंगानं ‘डा’ लिहिलं. दुसऱ्यावर लिहायची गरज नव्हती, उरला तो उजवा. मी ऑफिसला गेलो आणि मंगळवारी दुपारपर्यंत गॅरेजातल्या मिस्त्रीकाकांनी दोन्ही बसवून टाकले.

तेव्हापासून पेडल फुसकं. भाऊ पेडल दाबायचा, मी गाडीखाली आडवा पडून कॅलिपरचं हवा काढायचं निपल खोलायचो, जराशी हवा आणि बरंचसं तेल यायचं, निपल बंद. पुन्हा दाब, पुन्हा खोल. तीन दिवस हेच. पेडल तळाला टेकायचं ते टेकायचंच.

गुरुवारी माझं डोकं फिरलं. मिस्त्रीकाका म्हणजे ट्रकखाली उभा जन्म काढलेला माणूस. त्यांना मी भावासमोर म्हणालो, “काका, तुमाले डिस्क समजत नाही त हात कायले लावला?”

काकांनी फडक्याला हात पुसले. “तू लिवलं तसंच बसवलं,” एवढंच म्हणाले आणि निघाले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी बोलतच होतो.

मग भावाला म्हणालो, शर्यतीतून नाव काढून घे. तो म्हणाला, “समोरचे ब्रेक हायेत ना. चालवून घेतो.”

चालवून घेतो म्हणजे काय? मला ते उलटणारं छप्पर दिसायला लागलं. मी हात जोडले, शिव्या दिल्या, किल्ली लपवली. पण किल्लीशिवाय गाडी सुरू करायला मीच त्याला शिकवलं होतं.

शनिवारी दुपारी गाडीखाली नुसताच पडलो होतो. निपलचं तोंड खाली होतं. हवा वर चढते, निपल वर असलं तरच ती पुरती निघते. म्हणजे कॅलिपर उलट्या बाजूंना बसले होते. ड्रायव्हरकडच्या कॅलिपरवरचं ग्रीस पुसलं तर खाली माझ्याच अक्षरात ‘डा’. गॅरेजात डावं-उजवं कोणी बोलत नाही. एक बाजू क्लीनरची, एक डायवरची. काकांनी ‘डा’ म्हणजे डायवर वाचलं, आणि डायवर बसतो उजवीकडे.

अदलाबदल करून हवा काढली. पेडल घट्ट झालं. मला रडू आलं. डोळे पुसून भावाला ‘डा’चा घोळ सांगितला.

“मले परवाच दिसला होता,” तो म्हणाला.

“मंग बोलला काहून नाही?”

“तू काकावर तुटून पडून राह्यला होता. म्हटलं, मी चूक काढली त माही बी तेच गत.”

“अरे, उद्या मेला असता ना तू.”

त्यानं पाना पेटीत ठेवला. “बिनब्रेकच्या गाडीची सवय होते, दादा. तुया तोंडाचं भेव जात नाही.”