लिस्बनच्या गल्लीत आईचा आवाज

मी युरोपला जाणार हे कळल्यावर आईने एकच गोष्ट सांगितली, "लिस्बनला जा. बाकी काय बघायचं ते बघ, पण तिथे जा. आणि गेलीस की मला फोन लाव, मी तिथल्या माणसांशी बोलेन."

माझी मुलगी जर्मनीत नोकरीला लागून वर्ष झालं होतं. तिच्या उन्हाळी सुट्टीत मला बोलावून घ्यायचं ठरलं, तेव्हा तिच्या मनात बर्फाचे डोंगर होते. लिस्बनचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "मम्मी, उन्हाळ्यात तिथे भाजून निघशील." मी म्हटलं, कोर्लईच्या बाईला उन्हाचं काय सांगतेस.

कोर्लई म्हणजे रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं आमचं गाव. साळावचा पूल ओलांडला की दीपगृहाच्या वाटेवर लागतं. गावातली आम्ही ख्रिस्ती माणसं घरात एक वेगळीच बोली बोलतो. कधीकाळी आलेल्या पोर्तुगीजांकडून ती आमच्याकडे राहिली आणि ते गेल्यावरही गेली नाही. आमची प्रार्थना तिच्यात, लग्नातली गाणी तिच्यात, भांडणं तर खास तिच्यातच. अधूनमधून कोणीतरी अभ्यासक रेकॉर्डर घेऊन येतो, आईसमोर बसतो, चहा पितो, "वा, वा" करतो आणि जातो. तो गेला की आई आठवडाभर हवेत असते.

बाकीच्या जगाला मात्र आमच्या बोलीची मजा वाटायची. बाजारात आई आमच्याशी काही बोलली की मागून कोणीतरी तिची नक्कल करायचं. आई मागे वळूनही बघत नसे. आम्हाला म्हणायची, "हसू दे. तिकडे एक आख्खं शहर असं बोलतं. राजा असं बोलायचा." आम्हा भावंडांना त्या राजाचा काही उपयोग नव्हता. आई घरच्या बोलीत विचारायची, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो. असंच आयुष्य गेलं. तिचा शब्द न् शब्द मला कळतो, पण बोलायला गेले की तोंडात खडे आल्यासारखं होतं. लग्नानंतर मी अलिबागला आले आणि खडेसुद्धा उरले नाहीत.

लिस्बनमध्ये ऊन होतं, पण घाम नव्हता. याचंच मला पहिले दोन दिवस नवल वाटलं. चढ म्हणजे चढ! गुळगुळीत दगडांच्या वाटा, त्यावर माझ्या बाटाच्या चपला. मी भिंत धरून चालायची आणि मुलगी पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची. घरांच्या भिंतींना निळ्या नक्षीच्या फरशा, वर लाल कौलं, खिडकीखिडकीत वाळत घातलेले कपडे. परक्यांचे वाळत घातलेले कपडे बघायला एवढी माणसं विमानाने येतात आणि फोटो काढतात, याचं मला हसू आलं. किल्ल्याला तिकीट होतं, रांग होती, आत मोर होते. आमच्या रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत नारळाच्या वाड्या आहेत, माणसं राहतात, तटावर गोधड्या सुकतात. दगड मात्र अगदी ओळखीचे वाटले. तटाला हात लावून मी जरा वेळ उभी राहिले. मुलीला वाटलं, मला चक्कर आली.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण माझ्याच वयाची, चांगली ठसठशीत बाई होती. खालच्या मजल्यावर ती आणि तिची सून. सुनेला इंग्रजी येत होतं, त्यामुळे आमचं जमलं. मालकीण पहिल्याच दिवशी हातात पाव आणि उकडलेले बटाटे ठेवून गेली, आणि जाताना त्या दोन्ही गोष्टींची नावं तिने अशी घेतली की मला आमच्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं झालं. मी सुनेला माझ्या आईबद्दल सांगितलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "भारतात? अजून?" आणि रविवारी दुपारी सगळे घरी असतात, तेव्हा आईला नक्की फोन लावू, असं तिनेच ठरवलं.

मी आईला कळवलं. तिथेच चुकलं. अचानक लावला असता तर फोन तेवढ्यापुरता राहिला असता.

रविवारी गल्लीत तारल्या भाजायला काढल्या होत्या. घराघरासमोर शेगड्या, धूर, मिठाचा आणि मासळीचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेजारपाजारची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे कोर्लईत संध्याकाळ होती. आईने चर्चची साडी नेसली होती, केस चापून बसवले होते आणि गळ्यात एरवी कपाटात असणारी साखळी होती. मागे ओटीवर शेजारच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सगळ्या आळीला आमंत्रण गेलेलं दिसत होतं.

मी फोन मालकिणीच्या हातात दिला.

आईने आधी प्रार्थनेनंतर म्हणतात तसं तिचं भलं चिंतलं. मग विचारलं, जेवलात का, मासे कुठले आणलेत, तुमच्याकडे पाऊस कधी येतो. अगदी सावकाश, एकेक शब्द वाढावा तसं ती बोलत होती. मालकिणीने कान फोनला लावला, परत फोन समोर धरला, आणि तिचा चेहरा उजळला. एखादा शब्द तिला ओळखीचा लागला असावा. ती ओरडून शेजारणींना बोलावू लागली. त्या हात पुसत आल्या. फोनभोवती गर्दी झाली. आई पुन्हा बोलली. यावेळी दोनतीन शब्द त्यांना कळले आणि त्या सगळ्या एकदम हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. एकीने तर डोळे पुसले. आईचा एक शब्द त्यांनी तिच्यासारखाच म्हणून पाहिला, पुन्हा म्हटला, पुन्हा हसल्या. मग त्यांनी भराभर काहीबाही विचारलं. आईला त्यातलं काही कळलं नाही.

आईही आधी त्यांच्यासोबत हसली. मग थांबली. तिच्या मागच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

मी सुनेला विचारलं, काय म्हणताहेत?

"फार गोड आहे, म्हणतात," सून म्हणाली. तिचाही चेहरा कौतुकाने भरला होता. "लहान मूल नुकतं बोलायला लागतं ना, तसं वाटतं. अर्धंमुर्धं कळतं."

मला सांगायचं होतं की ही बाई ऐंशीच्या घरातली आहे. याच बोलीत तिने नवऱ्याला शेवटचा निरोप दिला, याच बोलीत ती चार पोरांवर ओरडली, दिराशी वाडीच्या हद्दीवरून वर्षानुवर्षं भांडली आणि रोज रात्री देवाला आमच्या सगळ्यांची नावं सांगते. लहान मूल कसलं? पण मी सुनेकडे बघून हसले. पाहुणी होते ना मी! त्या हसण्याची मला अजून चीड येते.

त्या गर्दीत आईचं प्रत्येक वाक्य पुरतं समजलेली मी एकटीच होते. तेही माझ्या नंतर लक्षात आलं. फोन हिसकावून घेऊन मी तिला उत्तर द्यायला हवं होतं. तारल्या आणल्यात म्हणायचं, पाऊस थंडीत येतो म्हणायचं, मोडकंतोडकं का होईना. निदान ओटीवरच्या बायकांना दिसलं असतं की पलीकडून कोणीतरी उत्तर दिलं.

"रेंज न्हाय गो हितं," आई एकदम मराठीत म्हणाली आणि फोन बंद झाला. चित्र तर इतकं स्वच्छ होतं की तिच्या साखळीचा क्रूस दिसत होता.

मालकिणीने मला मिठी मारली, बशीत तारल्या वाढल्या. मी खाल्ल्या. चांगल्याच होत्या. मुलगी हळूच म्हणाली, "मम्मी, आजी ठीक आहे ना?" मी म्हटलं, रेंज नव्हती.

उरलेले दिवस आम्ही चर्च पाहिली, नदीकाठी आइस्क्रीम खाल्लं, ट्राममध्ये उभ्याने धक्के खाल्ले. फोटोंत मी सगळीकडे छान दिसते. घरी मी रोज फोन लावायचे, तो भाऊ उचलायचा. आई वाडीत गेली आहे, आई झोपली आहे, असं काहीतरी सांगायचा.

परत आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी कोर्लईला गेले. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. "आयलीस?" ती म्हणाली. "जेवलीस का गो? भात हाय, कालवण हाय." मी दारातच थबकले. फोनवरचं ते एक वाक्य सोडलं तर आयुष्यात आई माझ्याशी कधी मराठीत बोलली नव्हती.

मी तिच्यासाठी आणलेली जपमाळ दिली. तिने कपाळाला लावली आणि ठेवून दिली. लिस्बनबद्दल एक शब्द विचारला नाही. भावजय आतून मला खुणावत होती. तिने नंतर सांगितलं, त्या दिवसापासून आई सगळ्यांशी मराठीतच बोलते. भावाशी, भावजयीशी, अगदी कोंबड्यांशीसुद्धा. प्रार्थनेला मात्र नुसते ओठ हलतात, कुठल्या बोलीत ते कळत नाही.

जेवण झाल्यावर ती पुन्हा सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली, तशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. वाक्य मी बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. आई, मला तुझं सगळं कळतं, एवढंच. मी ते घरच्या बोलीत म्हटलं. मधेच एक शब्द अडला, एक बहुधा चुकला, पण शेवटापर्यंत नेलं.

आईने सूप खाली ठेवलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

"मराठीतच बोल गो," ती म्हणाली. "ती तरी आपल्याला धड येते."