समुद्र पाहून आलेले भावोजी

आमचे थोरले भावोजी कोणतीही गोष्ट एकदम पाहत नसत. डावीकडून सुरुवात करायची, नजरेनं एक पट्टी पाडायची, ती संपली की खालची. समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या विमानात खिडकीशी बसून त्यांनी लढाईची वर्षं काढली होती आणि ती सवय ते हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरापर्यंत घेऊन आले. धाकट्या भावासाठी मला पाहायला अंबरपेठेत आले, तेव्हाही त्यांनी कोनाड्यापासूनच सुरुवात केली. भिंतीची ओल, लोणच्याच्या बरण्या, पडद्यामागची माझी आत्या, सगळं टिपलं. नजर माझ्यापर्यंत पोचेतो मी पोह्यांच्या रिकाम्या बश्या उचलून आत गेले होते. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "घर बारकाईनं पाहिलं. मुलगी दिसली नाही." त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या म्हणून माझं लग्न झालं.

आपल्या स्क्वाड्रनचा इतिहास ते घराण्याचा सांगावा तसा सांगत. आधी पाणबुड्या. लढाईबरोबर त्याही संपल्या, तेव्हा त्याच विमानांतून टपाल आणि पिठाची पोती जाऊ लागली. "पोती काय पळून जातात? त्यांच्यावर कसली नजर ठेवायची!" हे त्यांचं दुःख. मग स्वातंत्र्य आलं आणि फाळणीत घर सुटलेली माणसं विमानात दाटली. खिडकीची जागा भावोजींनी एका म्हातारीला दिली आणि तिच्या नातवंडांच्या उलट्या आवरल्या. एवढं सांगताना मात्र ते थट्टा करत नसत. पुढे टेहळणीचं काम उरलंच नाही आणि भावोजी घरी आले.

हैदराबादला समुद्र कुठला! ते हुसेनसागर तलावाच्या बांधावर जाऊन बसत. दिवस वाईट होते. निजामाचं राज्य राहतं की जातं, याची शहरभर कुजबुज, आणि हा माणूस डोळ्यांवर आडवा हात धरून पाणी न्याहाळतोय! एकदा पोलिसानं हटकलंच.

"क्या देखरे मियाँ?"

"पनडुब्बी."

"दिखी?"

"अब्बी तो नै."

तो बिचारा शेजारी बसून स्वतःही पाहू लागला.

पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं आणि काही दिवसांनी भावोजींना बोलावणं आलं. स्क्वाड्रनला पुन्हा समुद्राचं काम मिळणार होतं. जुन्या टेहळ्यांनी डोळे तपासून घ्यावेत. भावोजी एका दिवसात तरुण झाले. अक्कांना मात्र नवरा पुन्हा जाऊ नये, एवढंच हवं होतं. त्यांनी गुपचूप मारुतीला नारळ बोलला आणि उघडपणे भांडण काढलं.

"तांदळातला खडा दिसत नाही तुम्हाला, पाणबुडी कशी दिसंल?"

"खडा हलत नाही. मला हलणारं दिसतं."

अक्कांनी सूप गदागदा हलवलं. "आता सांगा!"

भावोजी चप्पल घालून बाहेर पडले.

सिकंदराबादेत तपासणी करून ते परतले, ते नाकावर चष्मा घेऊनच. "नको म्हणाले," एवढंच बोलून ओसरीवर बसले. मला फार वाईट वाटलं. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तोंडावरचा आनंद लपवताना त्यांची नुसती तारांबळ उडाली होती. तांब्या घ्यायचं सोडून भावोजी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"अगं, तुझे केस कधी पिकले?"

"आज दिसले होय तुम्हाला?" म्हणत अक्का हसायला गेल्या आणि तांब्या हातात धरून तिथंच रडू लागल्या.